आरसा घासावा लागायचा तेव्हा

नवव्या शतकात चीनमधल्या पेई शिंग नावाच्या लेखकाने एक विलक्षण कथा लिहिली. सेनापतीची दहा वर्षांची मुलगी न्ये यिन्न्यांग. भिक्षा मागायला आलेली एक भिक्षुणी तिला पळवून नेते आणि पाच वर्षांनी परत आणून सोडते. मधल्या काळात पोर तलवार चालवायला, भिंतीवर सरसर चढायला आणि आवाज न करता माणूस मारायला शिकलेली असते. बापाला तिच्याशी बोलायचीही धास्ती वाटू लागते. मग एक दिवस वाड्याच्या दाराशी आरसे घासून देणारा एक तरुण येतो. यिन्न्यांग त्याला पाहते आणि सांगून टाकते, हाच माझा नवरा. बाप मुकाट्याने लग्न लावून देतो. जावयाला आरसे उजळण्यापलीकडे काही म्हणता काही येत नसतं, त्यामुळे दोघांच्या अन्नवस्त्राचा भार सासऱ्यावरच पडतो.

कथा गाजली ती यिन्न्यांगमुळे. २०१५ मध्ये हौ श्याओश्येन या तैवानी दिग्दर्शकाने तिच्यावर सिनेमाही काढला. मला मात्र त्या बापड्या नवऱ्याच्या धंद्याचं जास्त कुतूहल वाटतं. लेखकाला सेनापतीच्या घरी एक परका, गरीब तरुण संशय न येता पोचवायचा होता. त्यासाठी त्याने आरसेवाला निवडला, कारण हा माणूस सगळ्यांच्याच दारी येत असे. घरात आरसा असला की आज ना उद्या त्याची गरज पडणारच.

आरशाचा इतिहास सहसा पदार्थांच्या क्रमाने सांगितला जातो. आधी पाणी, मग दगड, मग तांबं, कांसं, चांदी आणि शेवटी काच. क्रम ढोबळमानाने बरोबर आहे, पण त्यात निम्मीच हकिकत येते. आरसा हा कित्येक हजार वर्षं एकदा घेतला आणि भिंतीला टांगला असा प्रकार नव्हताच. तो पुन्हापुन्हा घासावा लागायचा, आणि घासणं थांबलं की आरशाची नुसती थाळी उरायची.

सर्वांत जुने म्हणून ओळखले जाणारे आरसे मात्र या नियमाला अपवाद आहेत. ते दगडाचे आहेत. तुर्कस्तानात कोन्याजवळ चाताल्होयुक नावाची नवाश्मयुगीन वस्ती आहे. १९६१ ते १९६५ या काळात जेम्स मेलार्ट या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने तिथे उत्खनन केलं. गावात गल्लीबोळ नाहीत. घरं एकमेकांना चिकटलेली, ये-जा छपरातून, आणि मेलेल्या माणसांना घरातच जमिनीखाली पुरायचं. अशा काही कबरींत, मुख्यतः बायकांच्या, काळ्याभोर ज्वालामुखी काचेचे म्हणजे ऑब्सिडियनचे आरसे निघाले. काळ सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचा. आकार तळहातात मावेल एवढा. एक बाजू किंचित फुगीर ठेवून गुळगुळीत केलेली. मागची बाजू खडबडीत, तिला काहींवर चुन्याचा गिलावा दिलेला, म्हणजे धार बोटांना लागत नाही आणि आरसा हातात नीट बसतो. हा दगड त्या वस्तीजवळ मिळत नाही. तो कॅपाडोशियातल्या ज्वालामुखींकडून, दीडशे किलोमीटरपेक्षाही लांबून, आणलेला आहे.

दगडाचा आरसा करायचा म्हणजे काय करायचं? ऑब्सिडियनचा गोटा फोडला की मिळणारा पृष्ठभाग चकाकतो, पण तो लाटालाटांचा असतो आणि त्यात चेहरा फाटका दिसतो. म्हणून आधी तो जाड्या वाळूने घासून एकसारखा करायचा. तेव्हा चकाकी पार जाते आणि दगड राखेसारखा करडा पडतो. मग आणखी बारीक वाळू, मग त्याहून बारीक माती, शेवटी पाणी आणि चामडं असलं काहीतरी. प्रत्येक टप्प्यावर आधीचे ओरखडे पुसायचे आणि त्याहून लहान ओरखडे पाडायचे. हे ओरखडे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या साधारण दोन हजाराव्या भागापेक्षा, लहान झाले की करड्या दगडात एकाएकी नाक-डोळे उमटतात. हे पहिल्यांदा कुणाच्या हातून आणि का घडलं असेल याची कल्पना केली की मी थक्क होतो. निम्म्या वाटेवर तर दगड आधीपेक्षा वाईट दिसत असतो. तरीही कुणीतरी घासत राहिलं.

ऑब्सिडियनचा गुण असा की तो काळवंडत नाही. आठ हजार वर्षं मातीत राहिलेले ते आरसे अंकाराच्या वस्तुसंग्रहालयात आजही चेहरा दाखवतील. दोष एवढाच की मुळातच काळा असल्याने त्यात सगळं संध्याकाळी पाहिल्यासारखं दिसतं. धातूने उजेड दिला आणि त्याबरोबर कायमची कटकटही.

इजिप्तमध्ये इसवी सनापूर्वी तिसऱ्या सहस्रकापासून तांब्याचे आरसे सर्रास दिसतात. ठोकून केलेली, किंचित चपटी गोल तबकडी आणि तिला लाकडाची, हस्तिदंताची किंवा धातूची मूठ. तबकडी सूर्यासारखी, म्हणून मुठीवर बऱ्याचदा हाथोर देवीचं गायीचे कान असलेलं तोंड. दैर अल-बाहरीला सापडलेल्या कावित या राणीच्या दगडी शवपेटीवर एक दृश्य कोरलं आहे. दासी राणीच्या केसांची बट वळवते आहे, दुसरा सेवक पेय ओततो आहे आणि राणी एका हातात प्याला, दुसऱ्या हातात आरसा धरून बसली आहे. चार हजार वर्षांपूर्वीची ही केशभूषा पाहताना वेळ कसा गेला कळत नाही. १९१४ मध्ये फ्लिंडर्स पेट्री आणि गाय ब्रंटन यांना लाहून इथे सित-हाथोर-युनेत या राजकन्येचा ऐवज मिळाला, त्यातल्या आरशाची तबकडी चांदीची आणि मूठ ऑब्सिडियनची आहे. चेहरा पाहायचा जुना दगड इथे मुठीच्या कामाला आला आहे.

हे झालं राजघराण्याचं. बाकीच्यांचं काय, ते हॉलंडमधल्या लायडनला असलेल्या एका पपायरसवरून कळतं. इपुवेर नावाचा माणूस त्यात जग उलटंपालटं झाल्याचं गाऱ्हाणं गातो. कोण चढले आणि कोण पडले याची तो मोठी यादी देतो, आणि तीत त्याची एक तक्रार अशी की जी बाई काल पाण्यात तोंड पाहत होती तिच्याकडे आज आरसा आहे. बिचाऱ्याला त्या बाईचा किती राग आला असेल! पण त्या रागातून आपल्याला नेमकी माहिती मिळते. गरिबाचा आरसा म्हणजे पाणी, आणि घरात तांब्याची तबकडी येणं म्हणजे वर्ग बदलणं. आपल्याकडे छांदोग्य उपनिषदात इंद्र आणि विरोचन आत्मा शोधायला प्रजापतीकडे जातात, तेव्हा प्रजापती त्यांना पाण्याच्या भांड्यातच डोकवायला सांगतो. तोवर सिंधू खोऱ्यातल्या हडप्पा, कालीबंगन अशा ठिकाणी तांब्याचे आरसे मृतांबरोबर पुरल्याला हजारेक वर्षं उलटून गेली होती. बायबलच्या 'निर्गम' या पुस्तकात तर बायकांनी दिलेल्या कांस्य आरशांपासून देवाच्या मंडपातलं हात-पाय धुण्याचं गंगाळ केल्याचा उल्लेख आहे.

तांब्याचा आरसा पाहणाऱ्याला तांबूस दाखवतो, पण खरी अडचण ती नाही. तांबं मऊ असतं, त्यावर चरे लवकर पडतात. शिवाय ते कळकतं. हवा, ओल, बोटांचा घाम, काहीही त्याला पुरतं. यावर उपाय म्हणून कथील मिसळायचं. कथील जसजसं वाढवावं तसतसा धातू लाल, मग पिवळा, मग पांढरट होत जातो आणि त्याबरोबर कडकही. कडक धातूवर झिलई सुरेख येते आणि टिकतेही. पण कथील पाचव्या हिश्शाच्या पुढे गेलं की धातू थंडपणी ठोकता येत नाही, ओतूनच घडवावा लागतो. आणि तिसऱ्या हिश्शापर्यंत गेलं की तो चांदीसारखा पांढरा दिसतो खरा, पण हातातून पडला तर खापरासारखा फुटतो. आरसेवाल्याला या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी थांबावं लागे.

कुठे थांबायचं याचा सर्वांत बारकाईने विचार केला तो चिनी ओतारींनी. वायव्य चीनमध्ये, छिंगहाईतल्या गामाताई इथे, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा छोटा कांस्य आरसा मिळाला आहे, पाठीवर सात टोकांची चांदणी असलेला. आन्यांगला १९७६ मध्ये फू हाओ या राणी-सेनानीची अखंड कबर सापडली, तिच्यात चार आरसे होते. पुढे 'काओगोंग जी' या कारागिरीवरच्या जुन्या ग्रंथात घंटा, कुऱ्हाड, तलवार, बाण यांच्यासाठी कांशाचे वेगवेगळे पाठ दिले आहेत. त्यात सर्वांत जास्त कथील आरशाला. हान काळातले आरसे तपासले तर मिश्रण बरंचसं ठरलेलं दिसतं: तांबं सत्तर टक्क्यांच्या आसपास, कथील चोवीस-पंचवीस, बाकी शिसं.

साच्यातून निघालेला आरसा मात्र आंधळा असतो. इसवी सनापूर्वी १३९ मध्ये सम्राट वू याला सादर झालेल्या 'हुआइनानझी' या ग्रंथात हे स्पष्ट लिहिलं आहे. नवा ओतलेला आरसा धूसर असतो आणि त्यात आकृती दिसत नाही. 'काळं कथील' चोळून पांढऱ्या नमद्याने घासलं की मग भुवईचा केस न् केस दिसू लागतो. हे काळं कथील म्हणजे काय यावर अभ्यासकांनी पुष्कळ डोकं चालवलं. आज सर्वसाधारण मत असं की ती कथील आणि पारा यांची पूड असावी. ती घासली की पारा कथलाला कांशाच्या अंगात मुरवतो आणि वर पांढरा शुभ्र थर चढतो. आपल्याकडचा कल्हईवाला तापल्या भांड्यात नवसागर टाकून कथील फिरवतो, तसाच हा प्रकार, फक्त भट्टीशिवाय. आणि कल्हईसारखाच तो काही महिन्यांनी उतरतो.

म्हणून दारोदार हिंडणारा माणूस हवा. चिनी सिद्धपुरुषांच्या चरित्रांचा एक प्राचीन संग्रह आहे, 'लिएशिएन चुआन'. त्यात फूजू नावाचा एक सिद्ध आहे. पाठीवर आपलं सामान घेऊन तो बाजारात आरसे घासतो, मजुरी एक नाणं. घासता घासता घरच्या माणसांची विचारपूस करतो आणि कुणी आजारी असलं तर जांभळट गोळ्या देतो. साथ येते तेव्हा दारोदार गोळ्या वाटतो आणि पैसा घेत नाही. चरित्रकाराला सिद्ध लपवायला याहून चांगलं सोंग सुचलं नाही, यातच या धंद्याची सामाजिक पायरी कळते. पुढच्या काळात हे आरसेवाले धातूच्या पट्ट्यांची एक झांज वाजवत गल्लीतून जात. तिचं नाव 'जिंगग्वेई', अंतःपुर दचकवणारी. आवाज ऐकला की आतल्या बायकांनी आरसे बाहेर पाठवायचे. जपानमध्ये एदो काळातले आरसेवाले पारा-कथलाबरोबर उमे फळाचं आंबट पाणी वापरत. आंबटाने आधी मळ सुटायचा, मग मुलामा धरायचा.

जपानचा विषय निघालाच आहे तर हिमिको राणीला टाळता येणार नाही. चिनी इतिहासकारांच्या नोंदीनुसार इसवी सन २३९ मध्ये वेई सम्राटाने या जपानी राणीच्या वकिलांबरोबर शंभर कांस्य आरसे भेट पाठवले. नारा भागातल्या कुरोझुका टेकाडाच्या उत्खननात १९९८ च्या सुमारास तेहतीस त्रिकोणी कडांचे आरसे निघाले, शवपेटीच्या बाजूंना, चकचकीत अंग आत करून ठेवलेले. ते हिमिकोचे की जपानमध्येच ओतलेले, यावर तिकडच्या विद्वानांत वर्षानुवर्षं हमरीतुमरी चालू आहे. मला त्या वादापेक्षा एक वेगळी गोष्ट जास्त रंजक वाटते. असे काही आरसे उन्हात धरले तर भिंतीवर पडणाऱ्या कवडशात पाठीवरची नक्षी दिसते! पुढचा भाग तर सपाट, गुळगुळीत. मग प्रकाश धातूच्या आरपार जातो की काय? अकराव्या शतकात शेन कुओ या चिनी विद्वानाने यावर लिहिलं. १८३२ मध्ये कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपने एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात टिपण छापलं. १९३२ मध्ये विल्यम ब्रॅग यांनी त्याची उकल मांडली. मर्म घासण्यातच आहे. पातळ ओतलेला आरसा घासताना नक्षीमुळे जाड असलेला भाग आणि मधला पातळ भाग सारखे दबत नाहीत. घासणं संपलं की डोळ्याला कधीच न दिसणारे, केसाच्या जाडीच्या कितीतरी लहान भागाएवढे उंचवटे पुढच्या बाजूला राहतात. कवडसा ते मोठे करून दाखवतो.

रोज काळवंडणारा आरसा घरात असला की विचारवंतांना दृष्टांताला तोटा नाही. सातव्या शतकात पाचवे झेन धर्मगुरू होंगरेन यांनी वारस निवडण्यासाठी शिष्यांना श्लोक लिहायला सांगितले. शेनशिऊने लिहिलं त्याचा आशय असा की मन आरशासारखं आहे, ते सतत पुसत राहा, धूळ बसू देऊ नका. मठात भात कांडणाऱ्या हुइनंगने उत्तर दिलं की मुळात आरसाच नाही, तर धूळ बसणार कशावर? वारसा हुइनंगला मिळाला. काचेच्या आरशाच्या जमान्यात हा वाद वाचताना शेनशिऊ जरा टापटिपीचा माणूस वाटतो. त्याच्या काळात मात्र न पुसलेला आरसा म्हणजे निकामी आरसा, आणि त्याचं म्हणणं साधं व्यवहारी होतं. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कामाने झाकलेल्या ज्ञानाला धुराने झाकलेल्या अग्नीबरोबर मळलेल्या आरशाची उपमा आहे, तीही अशीच वाचायला हवी. वरवरची धूळ नव्हे, धातूच्या अंगचा मळ. संत पौलाने करिंथकरांना लिहिताना आरशात अंधुक दिसण्याचा दाखला दिला. करिंथ तर कांस्य कामासाठीच नावाजलेलं. ज्ञानदेवांच्या 'चांगदेव पासष्टी'त मुख आणि आरसा यांचा दृष्टांत पुन्हापुन्हा येतो. तेराव्या शतकाच्या अखेरीच्या त्या आरशाची कल्पना करताना आपण नकळत काच डोळ्यांसमोर आणतो. तो धातूचाच धरायला हवा.

तोच आरसा अजिंठ्यालाही आहे. सतराव्या लेण्यात, पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात रंगवलेली प्रसाधन करणारी स्त्री हातात वाटोळा आरसा धरून उभी आहे, बाजूला चवरीवाली आणि एक ठेंगणी दासी. आता दख्खनच्या पठारावर तांबं मिळेल, पण कथील नाही. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासपुस्तिकेत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे, तिच्यात तांबं, कथील आणि शिसं आहे. त्याच पुस्तिकेत भडोचहून पैठण वीस दिवसांवर आणि तिथून पूर्वेला तगर, म्हणजे आपलं तेर, आणखी दहा दिवसांवर असल्याचं म्हटलं आहे. माल दोन्हीकडून जात होता. १९३८ मध्ये पाँपेईत अमेदेओ मायुरी यांना एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली, सुमारे चोवीस सेंटिमीटर उंच, दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंना लहानग्या दासी. डोक्यात वरून भोक पाडलेलं. मायुरी म्हणाले, लक्ष्मी आहे आणि ही आरशाची मूठ आहे. अशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्या, तेव्हा पाँपेईची मूर्तीही मराठवाड्यातूनच गेली असावी असा विचार पुढे आला. बैठकीवर खरोष्ठी अक्षर असल्याने काहींचा ओढा वायव्येकडे आहे. मूठ की चौरंगाचा पाय, हाही वाद आहे. आज बऱ्याच जणांचं मत पायाकडे झुकतं. मराठी माणूस म्हणून मला मूठच आवडली असती, पण इतकं नाजूक, सगळ्या बाजूंनी उठावदार कोरीव काम मुठीत गच्च धरायचं हे मलाही जरा अवघड वाटतं.

पाँपेईच्या बायका मात्र आरशाच्या हौशी होत्या यात शंका नाही. त्याच शहरात १९३० मध्ये 'मिनँडरचं घर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाड्यात ११८ नगांचा चांदीचा साठा निघाला, त्यात आरसेही आहेत. चांदी कांशापेक्षा कितीतरी उजळ, पण काळी पडायलाही तेवढीच तत्पर. थोरला प्लिनी तक्रार करतो की पूर्वी ब्रुंडिसियमचे कांस्य आरसे उत्तम मानत, आता दासीसुद्धा चांदीचे वापरतात. सेनेका आणखी तिखट. सिपिओच्या मुलींना सिनेटने सरकारी खजिन्यातून जो हुंडा दिला, त्यात आता गुलामीतून सुटलेल्या माणसाच्या मुलीचा एक आरसा यायचा नाही, असं त्याचं म्हणणं. इपुवेरचीच तक्रार, दोन हजार वर्षांनी, लॅटिनमध्ये.

प्लिनीने सिदोनच्या काचेच्या आरशांचाही उल्लेख केला आहे. फुगवलेल्या काचेच्या फुग्यात वितळलेलं शिसं फिरवायचं आणि त्याचे तुकडे कापायचे, असे रुपयाएवढे आरसे रोमन काळात होते. ते फुगीर, हिरवट आणि अंधुक. चांगल्या कांस्य आरशापुढे खेळणं. म्हणून पुढे हजारभर वर्षं काच असूनही धातूच जिंकत राहिला. काच बिनरंगी, सपाट आणि मोठी करता येईपर्यंत तिचा उपयोग नव्हता. पंधराव्या शतकाच्या मध्यावर व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर अँजेलो बारोव्हियेर याने जवळजवळ बिनरंगी काच केली आणि १५०७ मध्ये त्याच बेटावरच्या दाल गाल्लो भावांनी काचेच्या आरशांच्या खास हक्कासाठी सरकारकडे अर्ज केला. रीत अशी: सपाट पाटावर कथलाचा पातळ पत्रा पसरायचा, त्यावर पारा ओतून चोळायचा, वरून काच अलगद सरकवत आणायची आणि वजनं ठेवून जादा पारा दिवसेंदिवस निथळू द्यायचा.

म्हणजे पुन्हा कथील आणि पाराच! हान काळातल्या आरसेवाल्याच्या पुडीतले तेच दोन जिन्नस. तो ते आरशाच्या तोंडावर चोळत होता, मुरानोत ते पाठीमागे गेले. पुढे काच आल्याने हवा आणि बोटं दोन्ही दूर राहिली. घरोघरी हिंडणाऱ्या आरसेवाल्याचं काम संपलं, आणि त्याऐवजी कारखान्यात पाऱ्याची वाफ घेणारा माणूस आला. बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० मध्ये कामगारांच्या रोगांवर पुस्तक लिहिलं, त्यात या आरसेकारांचे हात कसे लटपटतात, दम कसा लागतो, आणि स्वतःचे हाल स्वतःच्याच आरशात त्यांना कसे पाहावे लागतात, हे लिहून ठेवलं आहे. फ्रान्सचा मंत्री कोलबेर याने व्हेनिसचे कारागीर फोडून पॅरिसला नेले आणि १६८४ मध्ये व्हर्सायचं ३५७ आरशांचं दालन पुरं झालं, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे.

धातूचे आरसे एवढ्याने संपले नाहीत. केरळात आरन्मुळाला आजही ते ओततात, साधारण एक तृतीयांश कथलाचे. बोटाचं टोक टेकवलं तर प्रतिबिंबातलं बोट थेट त्याला भिडतं. काचेत मध्ये फट राहते, कारण प्रतिबिंब मागच्या बाजूला पडतं. नेमकं हेच, म्हणजे प्रकाशाने मध्ये काच ओलांडू नये, दुर्बीणवाल्यांनाही हवं होतं. १६६८ मध्ये न्यूटनने पहिली परावर्ती दुर्बीण केली तिचा आरसा तांबं-कथलाचा. विल्यम हर्शेल बाथमध्ये असे आरसे स्वतः ओतून घासत असे. एकदा सोळा तास त्याने हात उचलला नाही आणि बहीण कॅरोलाइन त्याला घास भरवत होती, असं तिनेच लिहून ठेवलं आहे. मार्च १७८१ मध्ये युरेनस दिसला तो हातांनी घासलेल्या अशाच एका आरशात. १८४५ मध्ये आयर्लंडातल्या बर इथे लॉर्ड रॉसने सहा फूट व्यासाची दुर्बीण उभी केली आणि तिच्यासाठी काही टन वजनाचे दोन आरसे केले. एक दुर्बिणीत, दुसरा पॉलिशला. आयर्लंडच्या ओल्या हवेत हे करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आरसा घासणारा माणूस जवळ नसला की काय होतं, ते मेलबर्नला कळलं. डब्लिनच्या थॉमस ग्रब यांनी तिथल्या वेधशाळेसाठी चार फुटी धातूच्या आरशाची दुर्बीण केली आणि ती १८६९ मध्ये उभी राहिली. आरशाला वाटेत गंज चढू नये म्हणून लाखेचा लेप दिला होता. तो काढतानाच पृष्ठभाग बिघडला. आणि धातूचा आरसा उजळायचा म्हणजे निव्वळ चकाकी आणायची नसते, घासताना त्याची वक्रताही बदलते, म्हणून प्रत्येक वेळी तो जवळजवळ नव्याने घडवावा लागतो. हे कसब येणारी माणसं डब्लिनला, आरसा ऑस्ट्रेलियात. तिथल्या खगोलज्ञांनी स्वतः घासून पाहिलं, पण दुर्बिणीकडून होत्या त्या आशा पुऱ्या झाल्या नाहीत.

तोवर काचेवर चांदी चढवण्याची रासायनिक रीत आली होती. युस्टुस फोन लिबिग याने १८३५ मध्ये तिचं मूळ दाखवलं आणि १८५६-५७ मध्ये श्टाइनहाइल व फूको यांनी ती दुर्बिणीत आणली. १८८८ मध्ये पुण्यात कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू केली. तिथली मोठी दुर्बीण थॉमस ग्रब यांच्या मुलाच्या, हॉवर्ड ग्रब यांच्या कारखान्यातली, काचेवर चांदी चढवलेल्या आरशाची. चांदी काळवंडली की ती आम्लाने धुऊन काढायची आणि त्याच काचेवर नवी बसवायची. काचेला घासायची गरज नाही.